कोणाच्या पानात काय वाढाल?



आजचा विषय गोडाचा आहे, पण मी पाककृती सांगायला आलेली नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या हातची पुरणपोळी मी खाल्ली आहे, त्यामुळं पाककृती सांगायची माझी छाती होणार नाही. आज आपण एक खेळ खेळू. गोष्टीतली, पुस्तकातली, नाटकातली माणसं घ्यायची आणि कुणाला कोणता गोड पदार्थ शोभतो ते ठरवायचं.

आमच्या भागातल्या गटांत हा खेळ मासिक बैठकीनंतर चालतो. बचत जमा झाली, हप्ते वहीत चढले, इतिवृत्तावर सह्या आणि अंगठे झाले की पंधरा-वीस मिनिटं उरतात. बी.ए.ला माझा मराठी विषय होता, म्हणून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं. पदार्थ ठरवायचं काम गटाचं. त्यात मी तोंड घालत नाही.

खेळाचे नियम तीन. पहिला, माणूस गोष्टीतलाच हवा. शेजारीण नको, जाऊ नको, सासू तर नकोच. नाहीतर खेळ राहतो बाजूला आणि पुढच्या बैठकीला दोघी जणी येत नाहीत. दुसरा नियम, ‘स्वभावानं गोड आहे म्हणून गोड पदार्थ’ हे कारण चालणार नाही. पदार्थ कसा करतात, त्याला आच किती लागते, तो बिघडतो कुठं, टिकतो किती, यातून कारण काढायचं. आणि तिसरा नियम, प्रत्येकीनं एकदा तरी बोलायचं. ‘हिचं तेच माझं’ हे उत्तर धरलं जात नाही.

सुरुवात सोप्या माणसापासून करते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. खरं नाव बनेश, गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात विद्याभवनात. हडकुळा पोरगा, सायकलवर सुसाट. कुठं काही काळंबेरं दिसलं की हा त्यात उडी घेणार, आणि तोंडातून ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणार. आमच्या गटानं त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली. चिक्कीचं तुम्हाला माहीतच आहे. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचा, तो ताटलीवर टणकन वाजला की दाणे घालून लगेच लाटायची आणि गरम आहे तोवर सुरी फिरवायची. विचार करत बसलात तर कढईतच दगड. फास्टर फेणेचंही तसंच, त्याला थांबायला वेळ नसतो. शिवाय चिक्की खिशात राहते, प्रवासात नासत नाही. आणि एक ताई म्हणाल्या, मोडताना तीसुद्धा ‘ट्टॉक्’ वाजते की! त्यावर कुणाचीच हरकत नव्हती.

मग आले चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. दूरदर्शनवर ही जोडी बघितलेल्या जणी अजून आहेत. चिमणराव साधा, भित्रा, पण मोठेपणाची हौस दांडगी. गुंड्याभाऊ दणकट, आवाज मोठा, हात त्याहून मोठा. चिमणरावांना मिळाला बत्तासा. सोडा घातलेल्या पाकाचा थेंब सोडला की टम्म फुगतो, आत मात्र पोकळ, आणि जिभेवर ठेवला की विरघळून जातो. पण बत्ताशानं आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. देवापुढंही ठेवतात, पोराच्या हातावरही ठेवतात. गुंड्याभाऊंना मिळाला डिंकाचा लाडू. फोडताना दात सांभाळावा लागतो, पण थंडीच्या दिवसांत अंगाला तोच लागतो. दोघंही एकाच डब्यात ठेवायचे, असं गटाचं म्हणणं पडलं. बत्तासा चुरडला जाईल ही भीती आहे, पण डिंकाच्या लाडवाला त्याच्याशिवाय करमणार नाही.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधला नारायण तर तुमच्या-आमच्या प्रत्येक लग्नात असतो. बस्ता बांधायला नारायण, आचाऱ्याशी बोलायला नारायण, वरातीत नारायण. आणि लग्न पार पडलं की त्याची आठवण कुणाला राहत नाही. पहिलं उत्तर आलं बुंदीचा लाडू, कारण लग्न म्हटलं की बुंदी. पण कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, लाडू नाही, नारायण म्हणजे लाडवातला पाक. बुंदी दिसते, बेदाणा दिसतो, वेलची वासाला येते. पाक दिसत नाही. पण पाक कच्चा राहिला तर लाडू वळायचाच नाही, आणि पुढं गेला तर फुटायचाच नाही. सगळ्यांना धरून ठेवणारा तोच. मग त्याच आजी पुढं म्हणाल्या, मांडवात नारायण एक असतो, चुलीपाशी नारायणी दहा असतात. त्यांच्यावर कुणी लिहिलं? बराच वेळ कुणी बोललं नाही.

अण्णा भाऊ साठे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची. दुष्काळात माणसं अन्नाविना मरायला लागली तेव्हा धान्य लुटून भुकेल्यांना वाटणारा हा फकिरा. त्याला काय वाढायचं? कुणी म्हणालं गुळाची ढेप, कुणी म्हणालं मलिदा. शेवटी ठरला जोंधळ्याच्या लाह्यांचा लाडू. कारण ज्या ताईनं सांगितलं तिचे शब्द असे होते: खापर तापलं की बाकीचे दाणे करपतात, लाही करपत नाही, ती उडते. आणि लाही उडाली की एका मुठीची परडी भरते. एकाचं पोट भरणारं धान्य दहांना पुरतं.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा काढायला येतो. वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते, आणि शेवटी दुष्काळ पडून ती वाडीच उठून जाते. आमच्या बायकांनी इथं एकट्या माणसाला पदार्थ द्यायला नकार दिला. सगळ्या वाडीला मिळून एकच, हुलग्याचं माडगं. पाऊस दगा देतो त्या वर्षीही हुलगा येतो. भाजायचा, भरडून पीठ करायचं, पाण्यात शिजवायचं, गूळ आणि सुंठ घालायची. दिसायला काळपट, सणाच्या ताटात त्याला जागा नाही. पण आजारी माणूस त्यावर उठून बसतो. माडगूळ्याच्या लेखकाला माडगंच शोभतं, असं म्हणून सगळ्या हसल्या.

इथवर खेळ सरळ चालला. पुरुषांना, पोरांना पदार्थ पटापट मिळाले. गोष्टीतल्या बायका घेतल्या आणि गाडी अडली. का अडली, तेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

पहिली चिऊताई. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं आणि तो चिऊच्या दारात भिजत उभा राहिला. आत बाळाची आंघोळ, टीट-पावडर, सगळं आटोपेपर्यंत दार काही उघडलं नाही. ही गोष्ट आपण पोरांना भरवताना इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यावर वाद होईल असं वाटलंच नव्हतं. पण झाला. एका बाजूनं म्हणणं आलं, चिऊ म्हणजे करंजी. वरून देखणी, कड कातणानं नीट कापलेली, आणि तोंड घट्ट बंद. दारात कुणी भिजतंय, हिला काय त्याचं! दुसऱ्या बाजूनं जाब आला, करंजीचं तोंड बंद ठेवावंच लागतं. तेलात ते उघडलं तर सारण सांडतं आणि सगळा घाणा खराब होतो. एकटी बाई, पदरात तान्हं बाळ, रात्रीची वेळ. ती विचारल्याशिवाय दार उघडेल का? तुम्ही उघडाल का?

करंजीच राहिली, पण कारण बदललं. आणि काऊला मिळाला शिळ्या पोळीचा लाडू. उरलंसुरलं, कुस्करलेलं, गूळ-तूप लावून गोड केलेलं. घरातली पोरं मात्र तोच आधी मागतात.

दुसरी श्यामची आई. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ मध्ये काढलेला सिनेमाही तुमच्यातल्या अनेकींनी बघून डोळे पुसले असतील. एका ताईनं सांगितलं, या पुस्तकात ‘श्रीखंडाच्या वड्या’ नावाचं प्रकरणच आहे, मग विचार कशाला करायचा? पण गटाला ते पुरेना. वडी ताटात थापली की गार होईपर्यंत तिला हात लावायचा नसतो, आणि ही आई तर हात लावल्याशिवाय राहणारी नव्हती. श्याम पोहायला भिऊन लपून बसला तर तिनं मार देऊन त्याला विहिरीवर धाडलं. म्हणून ठरला उकडीचा मोदक. कोकणातलं घर, दारात नारळ, शेतात भात. मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते. हाताला चटका बसतो म्हणून थांबलात तर पारी फाटते. तिनं चटका सोसला आणि पोराला वेळेवर मळला. पारीत साखर नाही, चिमूटभर मीठ आहे. गोड आत आहे.

इथंच एकीनं त्या पुस्तकातल्या अळणी भाजीची आठवण काढली. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील आणि मुलं मुकाट जेवून उठतात, तिला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नाही. तिला ते कळतं ती स्वतः जेवायला बसल्यावर. म्हणजे कधी? सगळ्यांच्या शेवटी. लहानपणी आपण ही गोष्ट वाचली ती वडिलांच्या मोठ्या मनाची म्हणून. ते मन मोठंच आहे. पण आमच्या बैठकीत बायकांनी धरून ठेवलं ते दुसरंच टोक. आधी चव बघून वाढायची मुभा तिला नव्हती, आणि सगळ्यांबरोबर बसून जेवायचीही नव्हती. आणि त्याच घरावर कर्ज होतं, त्या कर्जाच्या यातनांवर पुस्तकात एक अख्खी रात्र आहे. कर्ज काढताना तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न बचत गटात निघणार नाही तर कुठं निघणार?

तिसरी यमू. हरी नारायण आपट्यांची कादंबरी, ‘पण लक्षात कोण घेतो’. १८९० च्या सुमारास ती ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. लहानपणी लग्न, मग शिकलेला नवरा, त्याच्याबरोबर वाचन, मुंबईतले चार सुखाचे दिवस. नवरा जातो, आणि घरातली मंडळी तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन करतात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सांगून झाल्यावर मी थांबले. मला वाटलं, हिला पदार्थ द्यायचाच नाही असं गट म्हणेल.

पण एक ताई म्हणाल्या, हलवा. संक्रांतीचा काटेरी हलवा.

तुमच्यात ज्या हलवा करतात त्यांना माहीत आहे. परातीत तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली मंद शेगडी, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी दाणा हलवत राहायचा. आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर गोळा होतो. दिवसचे दिवस चालतं ते. थंडी चांगली असली की काटा फुलतो. त्या ताई म्हणाल्या, यमूलाही असंच थेंबाथेंबानं घडवलंय. एक एक अनुभव, एक एक चटका. काटा तिच्या अंगावर बाहेरून कुणी लावलेला नाही, साखरेतूनच फुटलाय. आणि नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला आपण याच हलव्याचे दागिने घालतो. नवरा गेला की तीच बाई हळदीकुंकवातून बाद होते.

हे बोलणाऱ्या ताई स्वतः विधवा आहेत. त्या पुढं एवढंच म्हणाल्या, “यमूचं राहू द्या. गटाच्या हळदीकुंकवाला तुम्ही मला वही लिहायला बोलवता, वाण द्यायला नाही.”

मैत्रिणींनो, सात वर्षं त्या त्या गटाच्या सचिव होत्या. सात वर्षांत हे वाक्य कुठल्याच बैठकीत आलं नव्हतं. ते यमूच्या पाठीमागून आलं. त्या महिन्याच्या इतिवृत्तात ठराव लिहिला गेला की यापुढं गटाचा संक्रांतीचा कार्यक्रम हा तिळगुळाचा कार्यक्रम असेल, प्रत्येक सभासद वाण देईल आणि प्रत्येक सभासद घेईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं, ही बातमी आम्ही ऐकली होती. बातमी ऐकून वहीत काही उतरलं नव्हतं. हलव्याच्या एका दाण्यानं उतरलं.

चौथी सिंधू. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातली. हे नाटक १९१९ साली रंगमंचावर आलं. सुधाकर हुशार वकील, दारूच्या एका प्याल्यापासून सुरुवात, आणि त्या प्याल्यात सगळं घर बुडतं. सिंधू माहेरची श्रीमंत, पण नवऱ्याला सोडत नाही. लोकांचं दळण दळून दिवस काढते, आणि शेवटी तिचा जीव जातो. तिला गव्हाची खीर द्यायचं ठरत होतं. खपली गहू ओलवायचा, कांडायचा, कोंडा पाखडायचा, तासन् तास शिजवायचा, मग गूळ. जिचा जन्म कांडण्या-दळण्यात गेला तिला कांडलेल्या गव्हाचीच खीर. कारण नियमात बसत होतं. सगळ्या माना हलवत होत्या.

तेवढ्यात एक बाई बोलली. हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडं जिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता अशी. तिनं विचारलं, “दळणाचे पैसे कुणाच्या हातात जायचे?”

नाटकात काय आहे ते मी सांगू लागले, पण तिला नाटकातलं नको होतं. ती म्हणाली, “सिंधू चांगली होती, कबूल. पण सोसलं म्हणून ती गोड, असं म्हणून खीर देऊ नका. आपल्या पोरी ऐकतात. खीर द्यायची तर दळायची ताकद होती म्हणून द्या. आणि एवढं दळणारी बाई पैसे पदरात बांधून वेगळी राहिली असती, तर नाटक पुढं कसं गेलं असतं तेही कुणीतरी सांगा.”

मग वाद रंगला. गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तेव्हाच्या आठवणी निघाल्या. कुणी म्हणालं त्या काळात ती जाणार कुठं? कुणी म्हणालं माहेर होतं की तिला. कुणी म्हणालं माहेर आपल्यालाही आहे, आपण किती जणी गेलो? शेवटी खीर दिलीच, पण वहीत कारण असं लिहिलं: ‘कष्टाबद्दल. सोसण्याबद्दल नाही.’

पुढच्या महिन्यात त्याच बाईनं सांगितलं की गटातून तिच्या नावावर घेतलेल्या कर्जाचा हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मला तो घरी विचारता येत नाही. आम्ही वाचला. किती रक्कम, कशाला घेतली, किती फिटली, किती बाकी. तिनं तो मनात मोजून घेतला. त्यानंतर दर बैठकीत प्रत्येकीचा हिशोब मोठ्यानं वाचायची पद्धत पडली. आता हप्ता कुणी भरला आणि पैसे कुणी खर्चले हे दोन्ही प्रश्न आमच्याकडं उघड विचारले जातात.

आता गाडी का अडत होती ते तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडं बाईला गोड म्हणतात ते ती गप्प असली की. आवाज न करणारी सून गोड, हिस्सा न मागणारी बहीण गोड, मागं बसणारी सभासद गोड. पण ज्या बाईनं आयुष्यभर गोड रांधलंय तिला माहीत आहे की नुसत्या साखरेनं गोड होत नाही. पाकात लिंबू पिळलं नाही तर साखर परत बसते. मोदकाच्या पारीत, घारग्याच्या पिठात, लापशीत चिमूटभर मीठ नसेल तर गोडसुद्धा पांचट लागतं. आच नसेल तर खवा आटत नाही. हे सगळं चुलीपाशी आपण रोज पाळतो. माणसाला नाव ठेवताना मात्र विसरतो. दुसरा नियम आम्ही लावला तो यासाठीच की कारण सांगताना आच आणि मीठ यांचंही नाव निघावं.

शेवटची एक राहिली. भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडं निघालेली, वाटेत वाघ भेटला, कोल्हा भेटला. ते खायला उठले तर हिनं सांगितलं, आत्ता काय खाता, नुसती हाडं आहेत. लेकीकडं जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. आणि परतताना भोपळ्यात बसून सुखरूप घरी. हिच्या पदार्थावर वाद झालाच नाही. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, घारगे! लाल भोपळा किसायचा, गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, थापून तळायचे. चार दिवस टिकतात, वाटेला न्यायला सोयीचे.

पण मग एका शाळकरी मुलीनं, जी आईबरोबर आली होती, सगळ्यांत चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, आज जेवढ्या बायका आल्या त्यांत फक्त म्हातारीच स्वतः खायला निघाली आहे.

बघा हं. श्यामची आई शेवटी जेवते. यमूच्या वाट्याला पुढं उपास आणि नियम. सिंधू दुसऱ्याचं धान्य दळते. नारायणींना चुलीपासून उठायला फुरसत नाही. एकटी म्हातारी ठरवून निघते, की मी लेकीकडं जाणार, पोटभर खाणार, तब्येत सुधारणार, आणि वाघाच्या तोंडावर तसं सांगणार. तिला जिवंत ठेवलं ते तिच्या बोलण्यानं. शक्ती तर नव्हतीच तिच्यात. आणि बोलली ती स्वतःच्या खाण्याबद्दल.

ही नुसती गोष्टीतली बाब नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे तुमच्या गटात दहा जणी असतील तर त्यांत पाच-सहा. जिना चढताना दम लागणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, जीव दमून जाणं, याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या देतील त्या पूर्ण घ्या, आणि गोळीबरोबर चहा पिऊ नका. बाळंतिणीसाठी आपण अळिवाचे लाडू करतो. अळिवात लोह चांगलं असतं. ते लाडू फक्त बाळंतिणीपुरतेच का? साखरेचा आजार असेल त्यांनी गोडाबद्दल डॉक्टरांना विचारावं, पण डाळ, पालेभाजी आणि पहिल्या पंगतीचं पान यावर त्यांचाही हक्क आहे.

आता हा खेळ तुमच्या गटात कसा खेळायचा ते सांगते. गोष्टी कमी पडणार नाहीत. वाचता येणाऱ्या एकीनं गावच्या वाचनालयातून महिन्याला एक पुस्तक आणायचं आणि त्यातला एक माणूस निवडून पाच-सात मिनिटांत सांगायचा. पुस्तक नसेल तर जात्यावरची, आजीची गोष्ट चालेल. ज्या बाईला वाचता येत नाही तिला पहिला पदार्थ सुचवू द्या, कारण पदार्थाची खूण तिलाच जास्त ठाऊक असते. कारण वहीत लिहा, नुसता पदार्थ लिहू नका. वाद झाला तर दोन्ही कारणं लिहा. आणि कुणी गोष्टीच्या आडून स्वतःचं काही बोलली, तर तिथं खेळ थांबवून तिचं ऐका. ते बाहेर जाऊ देऊ नका.

आमच्या गटानं या तीन नियमांत एक चौथा घातला आहे, तोही सांगून टाकते. बैठकीला कुणीतरी काही ना काही गोड करून आणतं. पूर्वी ते सगळ्यांना वाटून झाल्यावर करणारीच्या वाट्याला डब्याच्या तळाचा चुरा यायचा. आता पहिला घास तिनं खायचा, सगळ्यांसमोर, आणि मीठ-गूळ बरोबर आहे का ते सांगायचं. मगच डबा पुढं सरकतो.

आज संध्याकाळी तुमच्या घरी काय शिजतंय मला माहीत नाही. जे असेल त्याची चव आधी तुम्ही बघा.